कुंपणाचा पैसा कुठल्या कपाटात? संरक्षण खर्चाच्या सरकारी कागदांचं परीक्षण

१ फेब्रुवारी २०२५ ला अर्थसंकल्प मांडला गेला आणि संरक्षण मंत्रालयाने आपल्या वाट्याची रक्कम जाहीर केली: ६,८१,२१०.२७ कोटी रुपये. त्याच दिवशी निघालेल्या ‘अर्थसंकल्प एका दृष्टिक्षेपात’ या पुस्तिकेत ‘संरक्षण’ या शब्दासमोर ४,९१,७३२ कोटी छापलेले आहेत. फरक जवळपास १ लाख ९० हजार कोटींचा. खोटं कुणीच बोलत नाहीये. पुस्तिका सैन्याचं निवृत्तिवेतन आणि मंत्रालयाचा नागरी खर्च या ओळीत धरत नाही, मंत्रालय सगळी गोळाबेरीज सांगतं. पण सकाळच्या पेपरात एक आकडा आणि रात्रीच्या चर्चेत दुसरा ऐकणाऱ्याने काय समजायचं?

हे परीक्षण या घोळातून वाट काढून देणाऱ्या सेवेचं आहे. संसदेने लष्करासाठी आणि सीमेसाठी किती पैसे मंजूर केले, त्यावर कोण काय बोललं, आणि पैसे खरंच खर्च झाले का, हे सांगणारे सार्वजनिक कागद. ते ‘इंडिया बजेट’, ‘डिजिटल संसद’ आणि कॅग (म्हणजे सरकारी खर्च तपासणारे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक) अशा वेगवेगळ्या संकेतस्थळांवर पसरलेले आहेत, फुकट आहेत, वाचण्यासाठी खातं उघडावं लागत नाही. थोडक्यात मत आधीच देऊन टाकतो: माल पहिल्या प्रतीचा, मांडणी गोदामासारखी, आणि कपाटांवरच्या पाट्या फसव्या. ज्या खिडकीची जाहिरात सर्वांत मोठी, म्हणजे सभागृहातली चर्चा, तिथे या विषयावर सर्वांत कमी हाती लागतं.

अर्थसंकल्पाची पुस्तकं

सरकारला पैसा हवा असेल तर राज्यघटनेच्या कलम ११३ नुसार लोकसभेपुढे ‘अनुदानाची मागणी’ ठेवावी लागते. संरक्षण मंत्रालयाच्या अशा चार मागण्या असतात. २०२५-२६ मध्ये त्यांचे क्रमांक १९ ते २२ होते: नागरी खर्च २८,६८२.९७ कोटी, संरक्षण सेवांचा महसुली खर्च ३,११,७३२.३० कोटी, भांडवली खर्च १,८०,००० कोटी आणि निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी. बेरीज करून बघा, वरचा ६.८१ लाख कोटींचा आकडा पैशापर्यंत जुळतो. मधल्या दोन मागण्यांची बेरीज केलीत तर पुस्तिकेतला आकडा मिळतो. क्रमांकांवर मात्र विसंबू नका. एखादं मंत्रालय नवं निघालं किंवा विलीन झालं की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, म्हणून जुन्या वर्षात शोधताना मागणीच्या नावाने शोधा.

पहिला धक्का मागणी क्रमांक १९ देते. ‘संरक्षण मंत्रालय (नागरी)’ या नावावरून वाटतं की दिल्लीतल्या बाबूंचे पगार आणि कार्यालयांची वीजबिलं असतील. प्रत्यक्षात तटरक्षक दल इथे आहे (२०२५-२६ ला ९,६७६.७० कोटी), सीमा रस्ते संघटना इथे आहे (भांडवली ७,१४६.५० कोटी), आणि सैनिकांच्या कॅन्टीनचा कारभारही इथेच. म्हणजे गलवानकडे जाणारा रस्ता आणि सवलतीतला मिक्सर एकाच मागणीत. कॅन्टीनचा मोठा व्यवहार विक्रीतून परत येतो, त्यामुळे या मागणीत वसुलीच्या वजा रकमा दिसतात. ढोबळ आणि निव्वळ या दोन आकड्यांतला फरक न बघता बेरीज केली की हिशेब चुकतो, आणि अशी चुकलेली बेरीज बऱ्याच लेखांत सापडते.

प्रत्येक मागणीच्या तक्त्यात चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातम्या पहिल्या अंदाजाची शेवटच्या अंदाजाशी तुलना करतात. खरी गोष्ट मधल्या रकान्यात दडलेली असते. २०२४-२५ साठी भांडवली तरतूद १,७२,००० कोटी होती. सुधारित अंदाजात ती १,५९,५०० कोटींवर आली, म्हणजे वर्ष संपायच्या आतच १२,५०० कोटी कमी. आता पुढच्या वर्षाच्या १,८०,००० कोटींकडे बघा. मूळ अंदाजाशी तुलना केली तर वाढ ४.६५ टक्के, सुधारित अंदाजाशी केली तर जवळपास १२.९ टक्के. दोन्ही टक्केवाऱ्या खऱ्या. सरकारला खूश करायचं असेल तर दुसरी वापरा, विरोधकांना हवी असेल तर पहिली.

पैसा उरतो कसा, हा प्रश्न यापुढे येतोच. लढाऊ विमान दुकानातून आणायचं नसतं. संरक्षण संपादन परिषद ‘गरज मान्य’ करते तेव्हा हजारो कोटींच्या खरेदीची बातमी येते, पण त्या दिवशी तिजोरीतून एक रुपयाही जात नाही. त्यानंतर निविदा, तांत्रिक तपासणी, मैदानी चाचण्या, दराची घासाघीस, मंत्रिमंडळ समितीची मंजुरी, मग करार. करारावर सही झाली की आगाऊ रक्कम, आणि बाकीचे हप्ते उत्पादनाच्या टप्प्यांना बांधलेले. कारखान्यात इंजिन उशिरा पोचलं की हप्ता पुढच्या वर्षात जातो आणि या वर्षीची तरतूद ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे न वापरलेला पैसा परत जातो. त्यामुळे ‘गरज मान्य’ झालेल्या रकमांची बेरीज करून अर्थसंकल्पाशी तुलना करणं म्हणजे साखरपुड्यांची संख्या मोजून लग्नाच्या जेवणावळीचा खर्च काढणं.

भांडवली मागणीचा आणखी एक बारकावा. १,८०,००० कोटी म्हणजे सगळी शस्त्रं नव्हेत. त्यातले १,४८,७२२.८० कोटी नव्या खरेदीच्या आणि आधीच्या करारांच्या हप्त्यांचे, उरलेले संशोधन आणि बांधकाम वगैरेचे. तक्त्यात ‘नवे करार’ आणि ‘जुने हप्ते’ असा वेगळा रकाना नसतो, आणि ही या पुस्तकांची सर्वांत मोठी उणीव आहे. ती भरून काढायला समितीच्या खिडकीवर जावं लागतं, त्याबद्दल पुढे.

भाषा? हिंदी आणि इंग्रजी, बस्स. मराठी वाचकाला हिंदी प्रत बरी पडेल असं वाटतं, पण ‘पुनर्विनियोजन’ आणि ‘अभ्यर्पण’ यांच्या जंगलात शिरल्यावर इंग्रजी प्रतही शेजारी उघडावी लागते. आकडेमोड करायची असेल तर ज्या तक्त्यांची एक्सेल प्रत दिलेली असते ती घ्या, पीडीएफमधून आकडे उचलताना स्वल्पविराम आणि वजाचिन्हं घसरतात.

सीमेचा पैसा: एक सीमा, पाच खिसे

‘संरक्षण’ लिहिलेल्या कपाटात सीमा शोधणाऱ्याची निराशा ठरलेली. शांततेच्या काळात सीमेवर उभी असलेली बहुतेक दलं गृह मंत्रालयाची आहेत. पाकिस्तान आणि बांगलादेश सीमेवर सीमा सुरक्षा दल, चीन सीमेवर भारत-तिबेट सीमा पोलीस, नेपाळ-भूतानकडे सशस्त्र सीमा बल. म्यानमार सीमेवर आसाम रायफल्स, आणि तिची तर मजाच आहे: पगार गृह मंत्रालयाचा, हुकूम लष्कराचा. हा सगळा खर्च गृह मंत्रालयाच्या ‘पोलीस’ नावाच्या मागणीत असतो (२०२५-२६ मध्ये क्रमांक ५१). सीमा सुरक्षा दलाची त्या वर्षाची ओळ २८,२३१.२७ कोटींची.

तरीही कुंपण सापडत नाही, कारण दलाच्या ओळीत मुख्यतः माणसं आहेत: पगार, भत्ते, शिधा, वाहनं. काटेरी तार, प्रकाशझोताचे खांब, गस्तीचे रस्ते आणि चौक्या यांच्यासाठी ‘सीमा पायाभूत सुविधा आणि व्यवस्थापन’ ही वेगळी ओळ त्याच मागणीत खाली आहे, २०२५-२६ ला ५,५९७.२५ कोटी. ही योजना २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी १३,०२० कोटींची म्हणून मंजूर झाली होती. दरवर्षीची ओळ या एकूण रकमेशी ताडून बघितली की काम वेगात आहे की शेवटच्या वर्षात धावपळ, ते कळतं.

दुसरा खिसा म्हणजे वर आलेली सीमा रस्ते संघटना. चीन सीमेकडचे मोक्याचे रस्ते प्रामुख्याने तिच्याकडे, पण त्याच सीमेवर भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या चौक्यांना जोडणारे काही रस्ते गृह मंत्रालयाच्या पैशातून होतात. तिसरा, नियंत्रण रेषेवरचं कुंपण, ते लष्कराचं. चौथा, सीमावर्ती गावं नांदती राहावीत म्हणून आखलेला ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर सीमेसाठी ४,८०० कोटींचा पहिला टप्पा मंजूर झाला, त्यातले २,५०० कोटी एकट्या रस्त्यांचे. एप्रिल २०२५ मध्ये बाकीच्या भू-सीमांसाठी ६,८३९ कोटींचा दुसरा.

पाचवा खिसा सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि तो कोकणाच्या जवळचा आहे. मच्छीमार नौकांवर बसवायचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे समुद्रात कुठली बोट कुठे आहे हे सांगणारं यंत्र, ही सागरी सुरक्षेची जुनी मागणी. १ लाख नौकांसाठीच्या सुमारे ३६४ कोटींच्या या योजनेचा पैसा संरक्षणात नाही, गृहखात्यातही नाही. तो मत्स्यव्यवसाय मंत्रालयाकडे आहे. तिचं उद्‌घाटन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला झालं. संरक्षणाची पुस्तकं कितीही चाळलीत तरी तिचा पत्ता लागणार नाही.

या पाच खिशांची एकत्र बेरीज दाखवणारं पान अर्थसंकल्पात नाही. महिलांसाठीच्या, बालकांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरण निघतं, ईशान्य भारतासाठी निघतं. सीमेसाठी निघत नाही. एका पानाचं काम आहे, आणि ते नसल्यामुळे सभागृहात कुणीही उठून ‘सीमेवरचा खर्च दुप्पट झाला’ किंवा ‘घटला’ असं म्हणू शकतो. कुठला खिसा मोजला हे कुणी विचारत नाही.

स्थायी समिती: या दुकानातला अस्सल माल

विभागांशी संलग्न संसदीय स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. अर्थसंकल्प मांडल्यानंतर अधिवेशनाला सुट्टी पडते ती याच कामासाठी. समिती मंत्रालयाच्या सचिवांना आणि सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांना बोलावून प्रत्येक ओळीचा हिशेब विचारते आणि मार्चमध्ये अहवाल ठेवते. बैठका बंद दाराआड, कॅमेरे नाहीत, पक्षादेश नाही. त्यामुळे सत्ताधारी खासदारही इथे असे प्रश्न विचारतात जे सभागृहात त्यांच्या तोंडून निघणार नाहीत.

शोधताना एक चूक टाळा. संरक्षणाची समिती लोकसभा सचिवालयाची आहे आणि गृह खात्याची राज्यसभेची. एकाच विषयासाठी ‘डिजिटल संसद’वरचे दोन वेगळे विभाग उघडावे लागतात. लोकसभेच्या यादीत सीमा सुरक्षा दलाचा अहवाल नाही म्हणून तो निघालाच नाही, असं समजू नका.

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नका. शेवटी ‘निरीक्षणं आणि शिफारशी’ असतात, तिथून सुरुवात करा, मग ज्या परिच्छेदाचा हवाला दिलाय तिथे मागे जा. सर्वांत मोलाचा तक्ता ‘मागितले किती, मिळाले किती’ हा. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत सैन्यदलाने मागितलेला आकडा कधीच छापला जात नाही, फक्त दिलेला छापतात. मागितलेला आकडा जनतेपुढे नेमाने येण्याची जागा म्हणजे हे अहवाल.

हे अहवाल किती बोलके असू शकतात याचं उदाहरण मार्च २०१८ चं. मेजर जनरल (निवृत्त) भुवनचंद्र खंडुरी अध्यक्ष होते, स्वतः सत्ताधारी पक्षाचे. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितलं की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट, २४ टक्के चालू काळातली आणि ८ टक्के अत्याधुनिक आहे. आधुनिकीकरणासाठी २१,३३८ कोटी मिळाले होते. आधीच सुरू असलेल्या १२५ योजनांचे देणे हप्तेच २९,०३३ कोटींचे होते. म्हणजे नवं काही घेणं दूर, जुन्याचे हप्तेही त्यात बसत नव्हते. अर्थसंकल्पाच्या तक्त्यात ‘वाढ’ म्हणून दिसणाऱ्या ओळीची ही उलटी बाजू समितीच्या खिडकीवर मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची फेररचना झाली आणि खंडुरींच्या जागी दुसरे अध्यक्ष आले. त्यातून काय अर्थ काढायचा तो ज्याने त्याने काढावा.

अहवालानंतर काही महिन्यांनी ‘कार्यवाही अहवाल’ येतो. शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. बातमी जवळपास कधीच होत नाही, आणि म्हणून हाच कागद खास वाचावा. त्याची पाच प्रकरणं ठरलेली असतात: पहिल्यात समितीचा शेरा, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर मिळाल्यावर समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या, पाचव्यात अंतिम उत्तर अजून न आलेल्या. वेळ कमी असेल तर चौथं आणि पाचवं वाचा. दुसऱ्या प्रकरणातली ‘मान्य’ उत्तरं जपून घ्या. ‘समितीच्या सूचनेची नोंद घेतली आहे’ हे वाक्य मान्यता म्हणून मोजलं जातं.

व्यपगत न होणाऱ्या निधीची कथा अशीच अहवालामागून अहवाल वाचत जुळवावी लागते. ३१ मार्चला पैसा परत जाऊ नये म्हणून २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जसवंत सिंह यांनी २५,००० कोटींचा निधी जाहीर केला, तो प्रत्यक्षात आलाच नाही. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणाचा २,३८,३५४ कोटींचा निधी सुचवला. समिती विचारत राहते, मंत्रालय ‘अर्थ मंत्रालयाशी विचारविनिमय सुरू आहे’ छापाची उत्तरं देतं. अर्थ मंत्रालयाचा आक्षेप निराधार नाही: गरज लागेल तेव्हा पुरवणी मागणी, म्हणजे वर्षाच्या मध्ये वाढीव पैशाची मागणी, आणता येते, मग पैसा बाजूला अडकवून कशाला ठेवायचा? हा वाद दोन्ही बाजूंनी नीट समजून घ्यायचा तर इथेच.

दोष सांगायचे तर, गोपनीय आकड्यांच्या जागी तारका असतात, आणि काही वेळा ऐन मोक्याच्या ओळीवरच. शिफारशी सरकारला बंधनकारक नाहीत. आणि चार मागण्यांचे वेगवेगळे अहवाल निघतात, त्यामुळे तटरक्षक दल एका पुस्तकात आणि नौदल दुसऱ्यात. तरीही पाचपैकी साडेचार.

प्रश्नोत्तरं: कमी वेळात जास्त

घाई असणाऱ्याने थेट इथे यावं. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतात, अतारांकिताला लेखी उत्तर. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकितापेक्षा अतारांकित उत्तरांत आकडे जास्त, कारण तक्ते जोडता येतात. लोकसभेत गृह खात्याचा वार सहसा मंगळवार आणि संरक्षणाचा शुक्रवार, राज्यसभेत गृह बुधवारी आणि संरक्षण सोमवारी. वार ठाऊक असला की शोध निम्म्याने सोपा होतो.

नमुना बघा. बांगलादेश सीमेच्या कुंपणाबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यसभेत मिळालेलं उत्तर: एकूण लांबी ४,०९६.७० किलोमीटर, कुंपण झालेलं ३,२३२.२१८, उरलेलं ८६४.४८२, आणि त्यातले १७४.५१४ किलोमीटर असे की तिथे भौतिक कुंपण शक्यच नाही. कारणंही दिली: भूसंपादन, पलीकडच्या सीमारक्षकांचे आक्षेप, कामाचा आखूड हंगाम, दरडी आणि दलदल. अर्थसंकल्पाची ओळ ‘पैसे वाढवले’ एवढंच सांगते. हे उत्तर सांगतं की अडलेल्या किलोमीटरांपैकी कितीतरी पैशाअभावी अडलेले नाहीतच, ते राज्य सरकारकडून जमीन मिळण्यावर अडलेत. एका पानात एवढं देणारा दुसरा सरकारी कागद विरळा.

शोधण्याची युक्ती: ‘सीमा सुरक्षा’ असे मोठे शब्द टाकलेत तर शेकडो उत्तरं येतील. ‘कुंपण’, ‘तरंगत्या चौक्या’, एखाद्या जिल्ह्याचं नाव, असे नेमके शब्द इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत टाका. आणि एकच प्रश्न दोन-तीन वर्षांच्या अंतराने विचारला गेला असेल तर ती उत्तरं शेजारी ठेवा. जुन्या उत्तरातली ‘पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख’ नव्या उत्तरात गुपचूप पुढे गेलेली दिसते.

‘राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी माहिती उघड करता येत नाही’ हे उत्तर वारंवार भेटेल. बऱ्याचदा ते योग्यच असतं. दारूगोळ्याचा साठा किती दिवसांचा, हे शेजाऱ्याला का सांगायचं? पण तीच माहिती समितीच्या अहवालात किंवा मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात छापलेली सापडते तेव्हा गंमत वाटते.

सभागृहातली चर्चा

लोकसभेत मंत्रालयवार मागण्यांवर चर्चा व्हायला हवी असते. वेळ थोडा, मागण्या शंभरावर, म्हणून कामकाज सल्लागार समिती मोजकी मंत्रालयं निवडते. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. यालाच गिलोटिन म्हणतात. मार्च २०२५ मध्ये लोकसभेत रेल्वे, जलशक्ती आणि कृषी यांच्यावर चर्चा झाली. संरक्षणाच्या चारही मागण्या २१ मार्चला गिलोटिनखाली गेल्या. २०१८ आणि २०२३ मध्ये तर गोंधळामुळे एकाही मंत्रालयावर चर्चा न होता सगळा अर्थसंकल्प काही मिनिटांत मंजूर झाला होता.

मागणीला विरोध नोंदवण्याचं हत्यार म्हणजे कपात सूचना. तिचे तीन प्रकार: धोरणच अमान्य म्हणून मागणी १ रुपयावर आणा, काटकसर म्हणून अमुक रक्कम कमी करा, किंवा विशिष्ट तक्रार मांडण्यासाठी १०० रुपये कमी करा. त्या मंजूर होत नाहीत, कारण झाल्या तर सरकारने बहुमत गमावलं असा अर्थ होतो. पण चर्चेला न आलेल्या मंत्रालयांच्या कपात सूचनाही छापल्या जातात, आणि खासदाराला नेमकं काय खुपतंय ते त्यात एका ओळीत मिळतं. मतदारसंघातला प्रश्न कुणी कुठल्या मागणीला जोडलाय ते बघायला ही यादी चांगली.

राज्यसभेला मागण्यांवर मत देण्याचा अधिकारच नाही, ती मंत्रालयाच्या ‘कामकाजावर’ चर्चा करते. गंमत अशी की त्याच मार्चमध्ये गृह मंत्रालयावर सविस्तर चर्चा झाली ती राज्यसभेत, जिथे एका पैशाचीही कपात करता येत नाही.

जुलै २०२५ च्या अखेरीस ऑपरेशन सिंदूरवर दोन्ही सभागृहांत चर्चा झाली, प्रत्येकी १६ तास ठरवून. भाषणं ऐकण्यासारखी होती, काही मुद्दे टोकदारही. पण ज्या सैन्यदलांबद्दल हे तास खर्च झाले, त्यांच्या चार मागण्यांना चार महिन्यांपूर्वी त्याच लोकसभेत एक मिनिटही मिळालं नव्हतं.

इतिवृत्त वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. आधी येतं ते असंपादित, त्यातले कामकाजातून वगळलेले शब्द नंतरच्या प्रतीत तारका होतात. आणि खासदार मराठीत बोलले असतील तर खाली ‘मूळ मराठी भाषणाचं इंग्रजी भाषांतर’ अशी टीप दिसते. उद्धृत करायचं तर मूळ ध्वनिचित्रफितीशी ताडून घ्या. जुन्या काळात जायचं असेल तर संसदेचं डिजिटल ग्रंथालय खजिना आहे. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ म्हणून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, ते आपण शाळेत ऐकलेलं. त्यांच्या काळात आलेल्या १९६४-६९ च्या ५,००० कोटींच्या पहिल्या संरक्षण योजनेवर खासदारांनी काय प्रश्न विचारले, ते इथे शब्दशः वाचता येतं. त्या चर्चा आजच्यापेक्षा लांब आहेत आणि आकड्यांनी भरलेल्या आहेत. ग्रंथालयाला पूर्ण गुण, चर्चेला पाचपैकी दोन.

कॅग

खर्च झाल्यावरची तपासणी कॅगची. जुलै २०१७ मध्ये मांडलेल्या अहवालात दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणार नाहीत, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यानंतर संरक्षणाचे बरेच अहवाल संसदेच्या पटलावर येतात, पण सुरक्षेच्या कारणावरून कॅगच्या संकेतस्थळावर टाकले जात नाहीत. खासदाराला मिळतो तो कागद नागरिकाला सहज मिळत नाही. त्यामुळे संकेतस्थळावर संरक्षणाची यादी विरळ दिसली तर लेखापरीक्षणच झालं नाही, असा निष्कर्ष काढू नका. कॅगचे अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीच्या अहवालांत त्यातला काही भाग अवतरणांच्या रूपाने वर येतो, तिथे शोधा.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुरतं

भू-सीमा नसलेल्या राज्याला या कागदांचं काय, असं वाटेल. नव्या मोजणीनुसार महाराष्ट्राचा किनारा सुमारे ८७८ किलोमीटर आहे, आणि २००८ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. त्यानंतरच्या सागरी सुरक्षेत बारा सागरी मैलांपर्यंतची गस्त मुख्यतः राज्याच्या सागरी पोलिसांची, पुढे तटरक्षक दल आणि नौदल. केंद्राची किनारी सुरक्षा योजना दोन टप्प्यांत चालली आणि २०२० मध्ये संपली. गस्तीच्या बोटी आणि पोलीस ठाणी तिच्यातून मिळाली, पण बोटीचं डिझेल, दुरुस्ती आणि खलाशांचे पगार ही राज्याची जबाबदारी. म्हणून बोट धक्क्याला का बांधून पडलीय, याचं उत्तर दिल्लीच्या कुठल्याच मागणीत नाही. ते विधिमंडळात मांडल्या जाणाऱ्या गृह विभागाच्या ‘बी-१ पोलीस प्रशासन’ या मागणीत शोधावं लागतं.

ही पुस्तकं मराठीत असतात, ‘दत्तमत’ (सभागृहाच्या मताने मंजूर होणारा खर्च) आणि ‘भारित’ (ज्यावर मत घेतलं जात नाही तो) असे रकाने स्वच्छ दिलेले, आणि पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात प्रत्येक वाढीव रकमेखाली कारण लिहिलेलं असतं. सुरुवात तिथूनच करा: जुलै आणि डिसेंबरच्या अधिवेशनांतल्या पुरवणी मागण्या उघडा, बी-१ गाठा, आणि ‘सागरी’ हा शब्द शोधा. यंत्रसामग्री आणि इंधन या ‘उद्दिष्टां’खालची, म्हणजे खर्चाच्या प्रकारांखालची, रकमेची ओळ सलग तीन वर्षांची एका कागदावर मांडली की आपल्या जिल्ह्याच्या आमदाराला लक्षवेधीसाठी द्यायला पुरेसा मजकूर तयार होतो.